माझ्या बायका सुरेख रडतात

३ फेब्रुवारी, शनिवार

केंद्राच्या मॅडमनी आज आम्हा शिकवणाऱ्यांना बजावलं, की इथे ऐकलेलं घरी न्यायचं नाही, वहीत उतरवायचं आणि वही मिटायची. म्हणजे मन हलकं राहतं म्हणे. माझं मन काही जडबिड होत नाही. पाणीखात्यात उभा जन्म लोकांच्या तक्रारी ऐकण्यात गेला, तिथे कुणी वही दिली नव्हती. पण आज्ञा ती आज्ञा. हिच्या कपाटात एक कोरी वही होती, ती मागितली. "घ्या, मला आता काय लिहायचंय," म्हणाली आणि देऊन टाकली.

पुढेमागे वाचताना मलाच संदर्भ लागावा म्हणून आधी काम काय ते लिहितो. आमच्या केंद्रात मन खचलेल्या माणसांचे फोन घेतात. घेणारे सगळे हौशी, बिनपगारी. त्यांना तयार करायला खोटे फोन लागतात. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडतो, कारण फोनवर तोंड दिसत नाही. एकीत शिकणारा बसतो, कानाला वायर तोडलेला जुना फोन लावून. दुसरीत मी. मी कधी नापास विद्यार्थी असतो, कधी बुडालेला दुकानदार, पण बहुतेक वेळा बाई. कारण ते मला येतं. ऑफिसच्या नाटकांत काम करायला बायका मिळत नसत, तेव्हा सगळ्या नायिका मीच केल्या. साहेबसुद्धा मला 'बाईसाहेब' म्हणत, आणि मला त्याचा राग नव्हता.

आमचा एक प्रश्न ठरलेला आहे. आडवळण न घेता तो विचारायचाच: 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. असलेला मात्र बाहेर येतो, आणि मग माणसाला धरून ठेवता येतं. शिकणाऱ्यांची जीभ तिथेच अडखळते. आज विमावाल्याची अडखळली नाही. हा विमा विकणारा गृहस्थ माझा सगळ्यात चांगला शिष्य. मी घर सोडून आलेली बाई केली. नेमक्या जागी आवाज कापरा केला, हुंदका दाबला, मग सोडला. त्याने लगेच प्रश्न विचारला. मागे बसलेल्या दोघीतिघींनी डोळे पुसले. अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू.

घरी आलो तर हिने स्वयंपाकघरातले सगळे डबे ओट्यावर काढलेले. एकेकावर चिठ्ठी चिकटवून नाव लिहीत होती. साखर, मीठ, खायचा सोडा. मी म्हटलं, लग्नाला एवढी वर्षं झाली आणि आज ओळखपरेड? हसली नाही. म्हणाली, "तुम्हाला सापडायला नको का?"

७ फेब्रुवारी, बुधवार

नवीन तुकडीत गणिताच्या एक बाई आल्या आहेत. शाळेत शिकवतात. कोरडं बोलणं, चष्मा कपाळावर. शिकणाऱ्यांनीही आळीपाळीने फोन करणारा व्हायचं असतं, म्हणून मी त्यांना निवृत्त पुरुषाची भूमिका दिली. बायकांना पुरुष जमत नाही हा माझा अनुभव. छाती काढून घोगरं बोलतात, मिशी पिळल्यासारखं करतात आणि सगळा वर्ग खिदळतो.

बाईंनी आवाज बदललाच नाही. फोन 'उचलला' आणि विचारलं, "तुमचं ऑफिस किती वाजेपर्यंत उघडं असतं?" फोन घ्यायला मीच बसलो होतो. वेळ सांगितली. मग "बरं" म्हणाल्या. मी विचारलं, कसं चाललंय? "ठीक." जेवण होतं का? "होतं की." घरात कोण कोण आहे? "आता कुणी नाही." मग पुन्हा, "बरं, ठेवतो." आणि ठेवला फोन.

मी म्हटलं, बाई, पुरुष वाटला, पण याने फोन कशासाठी केला तेच कळलं नाही. चष्मा खाली ओढून म्हणाल्या, "तुम्ही विचारलं असतंत तर कळलं असतं."

वर्ग हसला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वहीत लिहायचं तर खरं लिहावं, म्हणून लिहितो.

१० फेब्रुवारी, शनिवार

आज मी मुलगा परदेशी गेलेली एकटी आई केली. माझी हुकमी भूमिका. गणिताच्या बाई फोनवर होत्या. प्रश्न अगदी वेळेवर विचारला, त्यात खोड काढायला जागा नव्हती. संपल्यावर मी म्हटलं, काही सुचवायचं असेल तर सांगा. हे मी सगळ्यांनाच म्हणतो, कुणी काही सुचवत नाही.

त्या म्हणाल्या, "तुमच्या सगळ्या बायका सुरेख रडतात."

मी धन्यवाद म्हणणार होतो, इतक्यात पुढचं आलं. "मला मात्र अशी रडणारी बाई फारशी भेटली नाही. पालकसभेला येतात, मुलाच्या मार्कांबद्दल बोलतात, आणि जाता जाता चप्पल घालताना एक वाक्य टाकतात. आपण ते ऐकलं तर ऐकलं. तुम्ही बाई करताना आवाज बदलता. मी पुरुष करताना नुसतं बोलणं कमी केलं. माझे वडील तसे होते."

 मॅडमनी तरी मध्ये बोलायला हवं होतं. इतकी वर्षं मी हे करतोय आणि कालची आलेली बाई मला बाई कशी असते ते शिकवणार. बरोबर आहे, ती बाई आहे. पण म्हणून काय झालं? मासा आहे म्हणून त्याला मासेमारी येते का?

घरी येऊन हिला सगळं रंगवून सांगितलं. ही खिडकीशी उभी होती. "हं," म्हणाली. मग म्हणाली, कुंड्या शेजारणीला देऊन टाकल्या, तिचा हात चांगला आहे, तिच्याकडे जगतील. बरं झालं, म्हटलं. रोज पाणी घालायची कटकट गेली.

१७ फेब्रुवारी, शनिवार

हिच्याबद्दल दोन ओळी. एरवी हा विषय या वहीत येण्यासारखा नाही, पण आज दुसरं काही घडलंच नाही. सहा वर्षं हिची आई आमच्या आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. हिने सगळं केलं. कूस बदलणं, भरवणं, धुणंपुसणं. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि त्याच सुमाराला मी निवृत्त झालो. मी म्हटलं होतं, सुटलीस, आता जरा हिंडफीर. पण मोकळीक मिळाली तर माणसाला ती वापरता यायला हवी ना? सकाळी उठतो तर ही आतल्या खोलीत रिकाम्या पलंगाच्या काठावर बसलेली. काय करतेस विचारलं तर म्हणे, काही नाही, सवय आहे.

हल्ली घर मात्र आरशासारखं ठेवते. आज कपडे धुण्याचं मशीन कसं लावायचं ते मला दोनदा करायला लावलं. वरच्या कप्प्यात बँकेच्या कागदांची पिशवी आहे तीही दाखवली. मागे एकदा दाखवली होती, मी विसरलो होतो. मी गमतीने म्हटलं, अगं, मला काय परीक्षेला बसवणार आहेस? "बसावं लागतं कधीकधी," म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा हिने माझ्या विनोदावर विनोद केला. बरं वाटलं.

२१ फेब्रुवारी, बुधवार



केंद्रात एका दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. काल एका बाईला तिथे दाखल केलं, जीव द्यायचा प्रयत्न केला होता. वाचली आहे. तिच्या फोनवर शेवटचा नंबर आमचा होता. तो फोन विमावाल्याने घेतला होता, खरे फोन घ्यायला त्याने गेल्याच आठवड्यात सुरुवात केली होती.

मॅडमनी आम्हा सगळ्यांना बसवलं. विमावाल्याने तो फोन शब्दन् शब्द सांगितला, आणि त्याचा चेहरा नुसता खडूसारखा पांढरा पडला होता. बाईने विचारलं होतं, घरातला नळ गळतो, दुरुस्त करणारा कोणी ठाऊक आहे का? मग म्हणाली, मांजर आहे, कुणी सांभाळायला घेतं का? याला वाटलं, चुकीचा नंबर लागला. तरी बिचाऱ्याने तिला नळवाल्याचा नंबर शोधून दिला, मांजराबद्दल शेजारी विचारून बघा म्हणाला, आणि शुभ दिवस म्हणून फोन ठेवला. मॅडमनी हळू आवाजात विचारलं, "प्रश्न का नाही विचारला?"

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "ती रडत नव्हती. सरांच्या बायका रडतात, मग मी विचारतो."

तोंडात मारल्यासारखं झालं. त्यात चिडून बोललेला एक शब्द नव्हता. मीच शिकवलेलं त्याने तंतोतंत केलं होतं.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

रात्र गेली आणि राग आला. आधी विमावाल्याचा. एवढा मोठा माणूस, स्वतःची अक्कल नको का वापरायला? नळ दुरुस्त करायला कुणी आमच्याकडे फोन करतं का? मग गणिताच्या बाईंचा, कारण त्यांचं बरोबर निघालं. मग मॅडमचा. सगळ्यांवर आग पाखडून झाली तरी ते वाक्य काही कानातून जात नाही.

मी बाई कशी करतो? प्रामाणिकपणे लिहितो. आधी गळा वर चढवतो. मग श्वास अर्धवट सोडतो. मग आठवतो तो टाळ्या पडलेला प्रवेश. खऱ्या कुठल्या बाईला आठवून मी कधी बाई केलेली नाही. गरजच वाटली नाही.

मॅडमचा निरोप आला आहे. बुधवारी पूर्ण वर्गासमोर मी तो फोन करून दाखवायचा, ती बाई होऊन. बाकीच्यांनी शिकावं म्हणून. नाही म्हणणार होतो, पण मग पुन्हा तिथे तोंड दाखवता येणार नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार

ही मेहुणीला फोन करत होती तेव्हा मी शेजारीच पेपर वाचत होतो. लहानपणी दोघींत कसलंसं भांडण झालं होतं, एका फ्रॉकवरून, त्याची हिने आज माफी मागितली. पलीकडून मेहुणी हसत असावी. मलाही हसू आलं. बायकांचं काही सांगता येत नाही, पन्नास वर्षांपूर्वीचा फ्रॉक!

जेवताना म्हणाली, तुम्ही बुधवारी कधी परत याल? मी म्हटलं, का? म्हणाली, नाही, सहज. उशीर होईल म्हटलं. "बरं," म्हणाली.

माझं डोकं बुधवारच्या प्रवेशात. नळाचं वाक्य आरशासमोर म्हणून बघतोय. प्रत्येक वेळी शेवटी आवाज कापतोच. सवय लागली आहे मेल्याला.

२८ फेब्रुवारी, बुधवार आणि २९, गुरुवार

कालचं काल लिहिता आलं नाही. आज दुपारी लिहितोय. ही शेजारच्या खोलीत झोपली आहे, दार उघडं आहे, इथून दिसते. सगळं क्रमाने लिहितो.

काल वर्ग भरला. मी खुर्चीत बसलो, पाठीमागे फोन घेऊन गणिताच्या बाई. मी सुरुवात केली, "नळ गळतोय हो माझ्याकडचा..." आणि गळा चढला. थांबलो. पुन्हा केलं, पुन्हा हुंदका. तिसऱ्यांदा कुणीतरी खोकलं. मी घामाघूम. तेव्हा बाई मान न वळवता म्हणाल्या, "ती बाई सोडा. ती आपल्याला माहीतच नाही. घरातली एखादी करा. आवाज तुमचाच ठेवा, अभिनय करू नका. तिची वाक्यं तेवढी म्हणा."

घरात एकच बाई आहे. मला वाटलं, हिची वाक्यं म्हणजे काय, कंटाळा येईल लोकांना. पण माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं. माझ्याच आवाजात म्हणू लागलो. डब्यांवर नावं घातली आहेत, ह्यांना सापडायला नको का. कुंड्या शेजारी दिल्या, तिथे जगतील. मशीन लावायला शिकवलं ह्यांना. बँकेची पिशवी वरच्या कप्प्यात आहे, दोनदा दाखवली. बहिणीची माफी मागायची राहिली होती, ती मागितली.

खोलीत कुणी हलेना. मला वाटलं, प्रवेश पडला.

मग पाठीमागून बाईंनी विचारलं, "तुम्ही कुठे जायला निघाला आहात का?"

मी हिच्यासारखं उत्तर शोधायला गेलो आणि मला हिचंच वाक्य आठवलं. तुम्ही बुधवारी कधी परत याल?  खुर्चीवरून कसा उठलो, काय बोललो, आठवत नाही. चप्पल घातली की नाही तेही नाही. विमावाला मागून धावत आला आणि त्याने मला त्याच्या स्कूटरवर बसवलं. वाटेत मी घरी फोन लावत होतो. वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. विमावाला गाडी हाणत होता.

दार उघडंच होतं. ही स्वयंपाकघरात बसून वाटाणे सोलत होती. फोन आतल्या खोलीत पलंगावर राहिलेला. मी जमिनीवरच बसलो, तिच्या समोर. इतकी वर्षं पाठीला पाठ लावून विचारलं, समोर बसून विचारायची सवय नाही. म्हटलं, "तब्येत बरी आहे ना तुझी?" म्हणाली, "बरी आहे. लवकर आलात?" मी तिला कुठे दुखतंय का विचारलं, कंटाळा आलाय का विचारलं. शिकणाऱ्यांना ज्या आडवळणांबद्दल मी ओरडतो ती सगळी घेऊन झाली. प्रत्येकाला नाही म्हणाली.

मग विचारलं. "तुला जीव द्यावासा वाटतो का?"

हातातली शेंग तिने पूर्ण सोलली. दाणे भांड्यात टाकले. भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली, "हो."

आणि पुढची शेंग उचलत, "आज वाटत होतं."

मला रडायला आलं. ते अजिबात सुरेख नव्हतं. नाक गळत होतं, आवाज गुरासारखा निघत होता. दारात उभा विमावाला तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला. हिने तिच्या ओढणीने माझं तोंड पुसलं, सासूबाईंचं पुसायची तसं, हनुवटी धरून. आणि मग ती बोलायला लागली. तिचे डोळे शेवटपर्यंत कोरडे होते.

काय बोलली ते सगळं इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. एवढंच, की आई गेल्यापासून सकाळी उठून कुणासाठी काय करायचं हे तिला कळेनासं झालं होतं. मला सांगायला यायची तेव्हा मी केंद्रातल्या बायकांबद्दल सांगत असायचो. "तुम्ही इतकं छान करून दाखवायचा त्यांचं दुःख," म्हणाली, "मला वाटायचं, आपलं काही तसं नाही. आपल्याला तर रडूसुद्धा येत नाही."

मी मध्ये एकदाही बोललो नाही. शिकवतो तेवढं एक तरी नीट केलं.

विमावाल्याने तिच्यादेखतच मॅडमना फोन लावला. संध्याकाळी मेहुणी आली, बॅग घेऊनच आली. आज सकाळी आम्ही तिघं डॉक्टरांकडे जाऊन आलो. मनाचे डॉक्टर. हिने त्यांना सगळं सांगितलं, त्याच आवाजात. ते म्हणाले, वेळेवर आलात, औषध आहे, वेळ लागेल, एकटं ठेवू नका. घरातलं काय काय उचलून ठेवायचं तेही त्यांनी सांगितलं, ते मेहुणीने येताच केलं.

आत्ता कूस बदलली हिने. जाऊन बघून आलो. झोपली आहे.

२ मार्च, शनिवार

वर्गाला गेलो नाही. मॅडमना कळवलं, पुढचे काही महिने येणार नाही. माझ्या जागी गणिताच्या बाई फोन करणाऱ्या होतील. त्यांना निरोप द्यायचा होता, पण काय म्हणायचं ते सुचेना. त्यांनीच फोन केला आणि कशी आहे एवढंच विचारलं. मी "ठीक" म्हणणार होतो. मग खरं सांगितलं, की घाबरलोय. बराच वेळ बोललो.

विमावाल्यालाही सांगितलं, की चूक तुझ्या कानांची नव्हती. ती दवाखान्यातली बाई घरी गेली आहे म्हणे. मांजर शेजाऱ्यांनी सांभाळलं, आता परत तिच्याकडे आहे.

३ मार्च, रविवार

हिला बरं वाटतंय असं लिहायचा मोह होतोय. लिहीत नाही. काल दिवसभर बोलली नाही, जेवलीही अर्धंच. मी फार काही विचारत सुटलो की त्रासते. आज सकाळी आतल्या खोलीत पलंगावर बसली होती, मी जाऊन शेजारी बसलो. 

दुपारी मेहुणी जरा आडवी झाली. मी स्वयंपाकघरात गेलो, सगळे डबे ओट्यावर काढले आणि ओल्या फडक्याने एकेक चिठ्ठी सोडवायला लागलो. हिने गोंद चांगला लावला होता, निघता निघेना. नखाने खरवडत बसलो. कधी येऊन दारात उभी राहिली कळलंच नाही. कपाळाला आठी. माझ्या हातून तिचं नीट लागलेलं काही बिघडलं की पडायची तीच आठी, कितीतरी दिवसांनी दिसली.

"अहो, एवढी मेहनत करून लावली होती. आता खायचा सोडा कुठला आणि मीठ कुठलं, कसं कळणार तुम्हाला?"

"तुला विचारीन," मी म्हटलं.

ती मग आत आली, माझ्या हातातून फडकं घेतलं, आणि म्हणाली, असं नाही निघत, आधी भिजवावं लागतं.